अर्ली डिसिजन की अर्ली अ‍ॅक्शन: नोव्हेंबरपूर्वी नेमके काय तपासावे?

रारिटनकाठ (धागाकर्ती)

नमस्कार. माझी मुलगी न्यू जर्सीतील सार्वजनिक शाळेत बारावीत आहे. तिला संगणकशास्त्र आणि जमल्यास त्याच्या जोडीने भाषाशास्त्र शिकायचे आहे. अकरावीअखेर तिचे गुण उत्तम आहेत, एसएटी या प्रवेश परीक्षेत १५४० आहेत आणि शाळेत उपलब्ध असलेले बहुतेक कठीण अभ्यासक्रम तिने घेतले आहेत. अशी मुले आमच्याच शाळेत बरीच आहेत याची मला जाणीव आहे, म्हणूनच हा धागा काढत आहे.

आमच्यापुढे तीन वाटा आहेत. पहिली वाट कॉर्नेलला अर्ली डिसिजन, म्हणजे ईडी, करण्याची. त्यात १ नोव्हेंबरपर्यंत अर्ज जातो, डिसेंबरच्या मध्यावर निकाल लागतो, आणि होकार आला तर तेथेच जाण्याचे बंधन असल्यामुळे बाकीचे सर्व अर्ज मागे घ्यावे लागतात. दुसरी वाट येलच्या सिंगल चॉइस अर्ली अ‍ॅक्शनची. तेथे बंधन नाही आणि उत्तर १ मेपर्यंत देता येते, मात्र त्याच वेळी दुसऱ्या खासगी विद्यापीठात लवकरच्या फेरीतून अर्ज करता येत नाही. तिसरी वाट कोणाशीच बांधून न घेता एमआयटी, जॉर्जिया टेक, इलिनॉय, पर्ड्यू, मेरीलँड आणि रटगर्स येथे साधी अर्ली अ‍ॅक्शन करण्याची.

मुलीचे मन येल आणि कॉर्नेल यांच्यात विभागले आहे. घरात एकमत नाही. माझ्या यजमानांच्या मते लवकरच्या फेरीत शक्यता दुप्पट-तिप्पट होत असेल तर ती सोडणे योग्य नव्हे. त्यांनी काढलेले आकडे असे: येलच्या २०२८ मध्ये पदवी घेणाऱ्या तुकडीसाठी लवकरच्या फेरीत ७,८५६ अर्ज आले आणि ७०९ जणांना प्रवेश मिळाला, म्हणजे सुमारे ९ टक्के. एकूण ५७,४६५ अर्जांतून मात्र २,१४६ जणच निवडले गेले, म्हणजे ३.७ टक्के. हा फरक माझ्या मुलीसारख्या अर्जदारासाठी किती खरा आहे, आणि त्यासाठी बंधन स्वीकारावे का, यावर अनुभवी मंडळींचे मत हवे आहे.

पाटीपेन्सिल

मी इलिनॉय राज्यातील एका माध्यमिक शाळेत गणित शिकवतो आणि दरवर्षी शिफारसपत्रे लिहितो, त्यामुळे या आकड्यांशी माझा जवळचा संबंध येतो. फरक खरा आहे, पण तो जेवढा दिसतो तेवढा आपल्या मुलांच्या वाट्याला येत नाही.

ब्राउनचे उदाहरण घेतो, कारण तेथे ईडी आहे आणि त्या वर्षीचे आकडे स्वच्छ मांडता येतात. २०२८च्या तुकडीसाठी ईडीत ६,२५१ अर्ज आले, ८९८ निवडले गेले, म्हणजे १४.४ टक्के. एकूण ४८,८८१ अर्जांतून २,५२१ जणांना प्रवेश मिळाला. वजाबाकी केली तर नियमित फेरीतील ४२,६३० अर्जदारांतून १,६२३ जण उरतात, म्हणजे ३.८ टक्के. शिवाय लवकरच्या फेरीतून पुढे ढकललेली काही मुले या १,६२३ जणांतच असतात. ब्राउनची पहिल्या वर्षाची तुकडी सुमारे १,७०० विद्यार्थ्यांची असते. म्हणजे निम्म्याहून अधिक जागा डिसेंबरमध्येच भरल्या गेल्या. तेव्हा यजमानांची काळजी निराधार नाही.

आता त्या ८९८ जणांत कोण असते ते पाहा. प्रशिक्षकांनी हेरलेले खेळाडू जवळजवळ सर्वत्र लवकरच्या फेरीतूनच अर्ज करतात, कारण प्रशिक्षक त्यांना तसे सांगतात. माजी विद्यार्थ्यांची आणि प्राध्यापकांची मुलेही याच फेरीत मोठ्या प्रमाणावर असतात. हार्वर्डविरुद्धच्या ज्या खटल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने जून २०२३ मध्ये दिला, त्यात उघड झालेल्या नोंदींवरून अर्थशास्त्रज्ञांनी मांडले की निवडलेल्या खेळाडूंचा प्रवेशदर सुमारे ८६ टक्के होता, आणि प्रवेश मिळालेल्या गोऱ्या विद्यार्थ्यांपैकी ४३ टक्के खेळाडू, माजी विद्यार्थ्यांची मुले, प्राध्यापकांची मुले किंवा अधिष्ठात्यांच्या खास यादीतील होते. हे आकडे हार्वर्डचे आहेत आणि ते ब्राउनला तसेच्या तसे लावता येणार नाहीत, पण दिशा कळते. ज्या मुलीचे आईवडील पुण्याच्या किंवा सांगलीच्या महाविद्यालयात शिकले, तिने स्वतःसाठी १४.४ टक्के हा आकडा गृहीत धरू नये.

माझी सूचना अशी की प्रत्येक विद्यापीठाचा ‘कॉमन डेटा सेट’, म्हणजे प्रवेशाच्या आकड्यांचा ठरावीक नमुन्यातील तक्ता, उघडावा. त्यातील सी२१ या रकान्यात ईडीचे अर्ज आणि निवडी दिलेल्या असतात. सी७ मध्ये ‘अर्जदाराने दाखवलेला रस’ विचारात घेतला जातो की नाही हेही स्पष्ट लिहिलेले असते. मात्र संगणकशास्त्राची स्वतंत्र टक्केवारी त्यात नसते, आणि आपल्या मुलांसाठी नेमकी तीच गोष्ट निर्णायक असते.

सह्यकडा

पाटीपेन्सिल यांच्या गणिताशी सहमत आहे, पण त्यातून निघणारा सूर मला पुरता पटत नाही. खेळाडू आणि माजी विद्यार्थ्यांची मुले बाजूला काढली तरी ईडीचा फायदा उरतोच. हार्वर्डमधील एव्हरी आणि झेकहाउझर यांनी फेअरबँक्स यांच्यासह चौदा नामांकित महाविद्यालयांच्या पाच लाखांहून अधिक अर्जांची छाननी करून २००३ मध्ये दाखवले होते की सारख्या गुणवत्तेच्या दोन अर्जदारांत लवकर अर्ज करणाऱ्याला मिळणारी आघाडी एसएटीतील शंभर किंवा त्याहून अधिक गुणांइतकी असते. तो अभ्यास जुना आहे हे मान्य, पण त्यामागचे कारण आजही तेच आहे.

नियमित फेरीत विद्यापीठ ज्यांना होकार देते त्यांतले किती येतील याचा त्याला भरवसा नसतो. अंदाज चुकला तर वसतिगृहे कमी पडतात किंवा वर्ग रिकामे राहतात. ईडीत निवडलेले मूल जवळजवळ निश्चित येते. म्हणून प्रवेश समितीला दोन सारख्या अर्जांत बांधील अर्ज अधिक सोयीचा वाटतो, आणि त्यात गैर काही नाही. मिशिगनसारख्या मोठ्या सार्वजनिक विद्यापीठानेही २०२५च्या हंगामापासून ईडी सुरू केली, ती काही अकारण नव्हे.

आमच्या मुलीने ईडी केली. आम्ही नागरिक आहोत, विद्यापीठाच्या संकेतस्थळावरील नेट प्राइस कॅल्क्युलेटरमध्ये उत्पन्न आणि बचत भरून चार वर्षांचा खर्च आधी काढला होता, आणि तो आम्हाला झेपणारा होता. डिसेंबरमध्ये होकार आला आणि तिला बारावीचे उरलेले वर्ष अभ्यासात, मैत्रिणींत आणि आजीबरोबर निवांत घालवता आले. त्या निवांतपणाचीही किंमत आहे आणि ती कोणत्याही कोष्टकात दिसत नाही. ज्यांचे पहिले पसंतीचे ठिकाण ठरलेले आहे आणि पैशाचा प्रश्न सुटलेला आहे, त्यांनी ईडी न करण्याचे मला कारण दिसत नाही.

रारिटनकाठ (धागाकर्ती)

दोघांचेही आभार. सह्यकडा यांनी नागरिकत्वाचा उल्लेख केला म्हणून एक माहिती जोडते, जी पहिल्याच लेखात द्यायला हवी होती. आम्ही एच-१बी या नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर आहोत, ग्रीन कार्डासाठी कंपनीने केलेला आय-१४० अर्ज मंजूर होऊन बराच काळ झाला आहे, पण ग्रीन कार्डाची तारीख अजून दूर आहे. मी एच-४ ईएडीवर, म्हणजे एच-१बीधारकाच्या कुटुंबीयांच्या एच-४ व्हिसावर मिळणाऱ्या कामाच्या परवान्यावर, काम करते. मुलगी बालवाडीपासून येथेच शिकली, पण कागदोपत्री एच-४ आहे. आम्हाला थोडीफार आर्थिक मदत मिळाली तरच खासगी विद्यापीठ शक्य आहे, पूर्ण शुल्क भरणे शक्य नाही. याने निर्णय बदलतो का?

उंबरठा

बदलतो, आणि बराच बदलतो. आमच्या घरी दोन मुलांच्या वेळी हाच प्रश्न होता, आणि मंडळातील अनेक कुटुंबांना मी हीच कागदपत्रे समजून घ्यायला मदत केली आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आपली मुलगी येथे वाढली असली तरी बहुतेक खासगी विद्यापीठे आर्थिक मदतीच्या बाबतीत तिला परदेशी विद्यार्थ्यांच्या गटात मोजतात. एच-४ वरील मूल फाफ्सासाठी, म्हणजे केंद्र सरकारच्या शिक्षणमदतीच्या अर्जासाठी, पात्र नसते, त्यामुळे केंद्र सरकारचे पेल अनुदान नाही आणि केंद्र सरकारचे कर्जही नाही. उरते ती विद्यापीठाची स्वतःची मदत, जिच्यासाठी बहुधा सीएसएस प्रोफाइल, म्हणजे कुटुंबाच्या उत्पन्नाचा आणि मालमत्तेचा तपशीलवार अर्ज, भरावे लागते. या मदतीचे धोरण नागरिकांसाठी एक आणि परदेशी गटासाठी दुसरे असू शकते. माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर ‘आम्ही नीड-ब्लाइंड आहोत’, म्हणजे प्रवेश देताना मदतीची गरज पाहत नाही, असे छापलेले असते तेव्हा ते वाक्य पुष्कळदा नागरिकांपुरते आणि ग्रीन कार्डधारकांपुरते असते.

नागरिकत्व न पाहता सर्वांना नीड-ब्लाइंड राहून पूर्ण गरज भागवणारी विद्यापीठे मोजकी आहेत. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी आणि अ‍ॅमहर्स्ट ही जुनी नावे, आणि २०२२ मध्ये त्यांत डार्टमथ व बोडोइन यांची भर पडली. कॉर्नेल या यादीत नाही. तेथे परदेशी गटातील अर्जदाराने मदत मागितली तर ती गोष्ट प्रवेशाच्या निर्णयात विचारात घेतली जाते आणि त्या मदतीचा निधीही मर्यादित असतो. म्हणून आपल्यापुढील पहिल्या दोन वाटा आकड्यांच्या तक्त्यात शेजारी-शेजारी दिसत असल्या तरी त्या एका जातीच्या नाहीत. येलला अर्ज करताना मदत मागितल्याने शक्यता घटत नाही आणि होकार आल्यावर मे महिन्यापर्यंत तुलनेला अवधी मिळतो. कॉर्नेलला ईडी करताना मदत मागितली तर सी२१ रकान्यातील टक्केवारी आपल्याला लागूच होत नाही, आणि होकार आलाच तर तुलना करण्याचा हक्क आपण आधीच सोडून दिलेला असतो.

येथे बरेच पालक सांगतात की मदत अपुरी असेल तर ईडीच्या बंधनातून बाहेर पडता येते. हे खरे आहे, तशी तरतूद आहे. पण मदत पुरेशी आहे की नाही याची चर्चा विद्यापीठाच्या सूत्रापासून सुरू होते, आपल्या घरच्या वहीपासून नाही. भारतात आईवडिलांना पाठवले जाणारे पैसे, पुण्यातील घराचे हप्ते, धाकट्या भावंडाची शिकवणी यांना त्या सूत्रात फारशी जागा नसते. सह्यकडा यांनी ज्या कॅल्क्युलेटरचा उल्लेख केला तो केंद्र सरकारच्या नियमानुसार २०११ पासून प्रत्येक विद्यापीठाला ठेवावा लागतो, परंतु तो सहसा नागरिक आणि कायम रहिवासी यांना गृहीत धरून बांधलेला असतो. म्हणजे ज्या कुटुंबाला खर्चाचा आकडा आधी कळणे सर्वांत गरजेचे आहे, त्यालाच तो आकडा कळण्याआधी शब्द द्यावा लागतो. खासगी विद्यापीठांचा वर्षाचा एकूण खर्च आता पुष्कळ ठिकाणी ९०,००० डॉलरांच्या पुढे गेला आहे. चार वर्षांचे साडेतीन लाखांहून अधिक डॉलर होतात. एवढ्या रकमेवर अंदाजाने सही करू नये असे माझे ठाम मत आहे.

काही जण शक्यता वाढावी म्हणून मदत न मागताच अर्ज करतात आणि पुढे पाहू म्हणतात. हे फार धोक्याचे आहे. परदेशी गटातील विद्यार्थ्याने प्रवेशाच्या वेळी मदत मागितली नसेल तर पुढील वर्षांत ती मागताच येणार नाही, असा काही विद्यापीठांचा नियम आहे. शिक्षण सुरू असताना ग्रीन कार्ड मिळाले तर काय होईल, हे प्रत्येक ठिकाणी लेखी विचारून घ्यावे.

आणखी एक बाब फारशी बोलली जात नाही. वयाची २१ वर्षे पूर्ण झाली की एच-४ संपतो आणि मुलाला एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर जावे लागते. हे बहुधा महाविद्यालयाच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षात येते. त्याआधीही एच-४ वर पगारी इंटर्नशिप करता येत नाही, त्यामुळे संगणकशास्त्राची बरीच मुले स्वतःहून लवकर एफ-१ घेतात. सार्वजनिक विद्यापीठात रहिवासी शुल्काची सवलत मिळालेली असेल तर या बदलाने ती राहते की जाते, याचे नियम राज्यागणिक वेगळे आहेत. चौथ्या वर्षी अचानक बाहेरच्या राज्याचे शुल्क भरावे लागले तर सगळा हिशेब कोलमडतो. म्हणून रटगर्स आणि मेरीलँड यांच्या शुल्क कार्यालयांना हा प्रश्न आताच विचारावा.

मुळामुठा

मी पुण्याहून लिहीत आहे, मुलगा सीबीएसईच्या बारावीत आहे. येथील पालकांसाठी उंबरठा यांचा मुद्दा आणखी थेट आहे, कारण आमची मुले निःसंशय परदेशी गटात मोडतात. आमच्याकडे काही सल्लागार ईडीला ‘प्रवेशाची हमी’ म्हणून विकतात आणि मदतीचा विषय शेवटी काढतात.

वेळेची अडचणही वेगळी आहे. बोर्डाचा निकाल मे महिन्यात लागतो, त्यामुळे नोव्हेंबरच्या अर्जात शाळेने दिलेले अपेक्षित गुण जातात आणि सगळा भार नववी ते अकरावीच्या गुणपत्रिकांवर पडतो. ज्या घरात मूल जानेवारीतील जेईई मेनचीही तयारी करत आहे, तेथे ऑक्टोबरमध्ये निबंध लिहायचे की रसायनशास्त्राची उजळणी करायची, हा रोजचा प्रश्न असतो. माझ्या मते दोन्ही मार्ग खुले ठेवायचे असतील तर बंधन नसलेली एक-दोन अर्ली अ‍ॅक्शन पुरेशी आहेत. माझा प्रश्न असा: ईडीच्या दुसऱ्या फेरीविषयी काय वाटते? आमच्या शाळेत तिची बरीच चर्चा आहे.

उंबरठा

मुळामुठा, दुसऱ्या फेरीचा अर्ज जानेवारीच्या सुरुवातीला जातो आणि निकाल फेब्रुवारीच्या मध्यास येतो. शिकागो, व्हँडरबिल्ट, जॉन्स हॉपकिन्स, न्यूयॉर्क विद्यापीठ यांच्याकडे ती आहे. बंधन पहिल्या फेरीइतकेच कडक असते, म्हणून पैशाविषयी वर लिहिलेले सगळे तिलाही लागू आहे. डिसेंबरचा नकार ताजा असताना, दुखावलेल्या मनाने आठवडा-दोन आठवड्यांत दुसऱ्या ठिकाणी शब्द देऊन टाकणे मला योग्य वाटत नाही. दुसरी फेरी करायची की नाही, आणि केली तर कोठे, हे ऑक्टोबरमध्येच शांतपणे ठरवून ठेवावे.

पाटीपेन्सिल

शाळेच्या बाजूने दोन गोष्टी सांगतो. ईडीच्या करारावर विद्यार्थी, पालक आणि शाळेचा काउन्सेलर (मार्गदर्शक) अशा तिघांच्या सह्या असतात. काउन्सेलरची सही शाळेची पत पणाला लावते. कारण नसताना शब्द मोडला तर त्याचा फटका पुढच्या वर्षीच्या मुलांना बसू शकतो. न्यू ऑर्लिन्सच्या टुलेन विद्यापीठाने कोलोरॅडोतील एका शाळेच्या विद्यार्थ्यांसाठी ईडीचा मार्ग एक वर्ष बंद केल्याची बातमी २०२५ मध्ये आली होती. ‘आधी करू, नंतर बाहेर पडू’ हा सल्ला देणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

दुसरी गोष्ट अर्जाच्या तयारीविषयी. ज्या मुलाची अकरावी चांगली गेली आहे, ज्याची एसएटी ऑगस्टपर्यंत आटोपली आहे आणि ज्याला शिक्षक नीट ओळखतात, त्याने लवकर अर्ज करावा. ज्याचे गुण चढते आहेत आणि बारावीच्या पहिल्या सत्रात ते आणखी उंचावतील अशी खात्री आहे, त्याला लवकरची फेरी तोट्याची ठरू शकते, कारण समितीपुढे त्याचे अर्धवट चित्र जाते. चाचण्यांच्या अटीही पुन्हा तपासाव्यात. एमआयटीने २०२२ मध्ये एसएटी किंवा तिच्यासारखीच एसीटी ही परीक्षा पुन्हा सक्तीची केली, आणि २०२४ मध्ये डार्टमथ, ब्राउन व हार्वर्ड यांनी तोच निर्णय घेतला. येलला त्यांऐवजी एपी किंवा आयबी या परीक्षांचे गुणही चालतात. घाईत अर्ध्या तयारीचे निबंध पाठवण्यापेक्षा नियमित फेरीत घोटून लिहिलेला अर्ज मला नेहमीच अधिक मोलाचा वाटला आहे.

नवी_पालवी

काकू, मी आता एका मोठ्या सार्वजनिक विद्यापीठात संगणकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मी सिंगल चॉइस अर्ली अ‍ॅक्शन केली होती, डिसेंबरमध्ये डिफर झाले, म्हणजे निर्णय नियमित फेरीवर ढकलला गेला, आणि मार्चमध्ये नकार आला. तरीही ती वाट निवडल्याचे मला वाईट वाटत नाही, आणि त्याचे कारण सांगावेसे वाटते.

सिंगल चॉइस केली तरी सार्वजनिक विद्यापीठांत अर्ली अ‍ॅक्शन करता येते, ही सवलत मी पूर्ण वापरली. येलचा नियमही असाच आहे, फक्त तेथे एमआयटीचा लवकरचा अर्ज त्याच वेळी चालणार नाही, कारण ते खासगी आहे. आपल्या तिसऱ्या वाटेतील इलिनॉय, पर्ड्यू, जॉर्जिया टेक, मेरीलँड आणि रटगर्स हे सर्व अर्ज येलबरोबर करता येतील. यांतल्या काही ठिकाणी लवकर अर्ज करणे ऐच्छिक मानूच नये. मेरीलँड आपले बहुसंख्य प्रवेश अर्ली अ‍ॅक्शनमधूनच देते. इलिनॉयमध्ये संगणकशास्त्रासाठी सुरुवातीलाच त्या शाखेत प्रवेश मिळणे महत्त्वाचे असते, कारण नंतर आतून शाखा बदलणे फार अवघड आहे. मी पिट्सबर्गलाही अर्ज केला होता. तेथे येतील तसे अर्ज तपासले जातात, त्यामुळे माझ्या हातात पहिला होकार डिसेंबरच्या निकालापूर्वीच होता. त्या एका होकाराने घरातील वातावरण किती बदलले, हे आईबाबांनी नंतर बोलून दाखवले.

डिफर झाल्यावर काय करावे हेही आधी माहीत असलेले बरे. हार्वर्ड लवकरच्या फेरीतील बहुसंख्य अर्जदारांना पुढे ढकलते, त्यामुळे तेथील डिफरचा अर्थ ‘जवळ पोहोचलात’ असा घेता येत नाही. स्टॅनफर्ड शक्य तेथे तेव्हाच अंतिम निर्णय कळवते. विद्यापीठ परवानगी देत असेल तर एक छोटे पत्र पाठवावे, त्यात नव्याने घडलेले लिहावे आणि पहिल्या सत्राचे गुण वेळेवर पोहोचतील हे पाहावे. ईडीत डिफर झाले तर बंधन संपते, हेही पुष्कळांना माहीत नसते.

आणि काकू, ऑक्टोबरचा भार कमी लेखू नका. प्रत्येक विद्यापीठाचे वेगळे निबंध असतात. मी कॅलिफोर्निया विद्यापीठाचाही अर्ज भरला. तेथे लवकरची फेरी नसते आणि एसएटी पाहिली जात नाही, पण निबंधांची प्रश्नपत्रिका पूर्णपणे वेगळी असते आणि ती नोव्हेंबरअखेर द्यावी लागते. तिच्या यादीतून एक-दोन नावे कमी केलीत तर उरलेले अर्ज चांगले होतील.

जुनी_वही

एक वेगळा मुद्दा मांडते. ही पद्धत निसर्गनियम नाही, विद्यापीठांनी ती बनवली आहे आणि ती वारंवार बदलली आहे. येल आणि स्टॅनफर्ड यांनी २००२ मध्ये बंधनकारक ईडी सोडण्याचा निर्णय जाहीर केला. हार्वर्ड, प्रिन्स्टन आणि व्हर्जिनिया विद्यापीठ यांनी २००६ मध्ये लवकरची फेरी बंद करत असल्याचे जाहीर केले, कारण ती सधन कुटुंबांच्या फायद्याची ठरते असे त्यांनाच वाटले. इतर विद्यापीठे त्यांच्या मागे गेली नाहीत. हार्वर्ड आणि प्रिन्स्टन यांनी २०११ मध्ये फेरी पुन्हा सुरू केली. व्हर्जिनिया टेकने २०२३ मध्ये ईडी बंद केली. ईडीमुळे विद्यापीठांतील स्पर्धा संपते आणि शुल्क चढे राहते, असा आरोप करणारा दावाही ऑगस्ट २०२५ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील केंद्रीय न्यायालयात दाखल झाला आहे.

सह्यकडा यांच्या घराला जे लाभले त्याचा मला आनंदच आहे. पण ईडी ज्याच्या हिशेबात बसते तो आधीच पुढे असतो, आणि ज्याला मदतीची पत्रे शेजारी ठेवून तुलना करावी लागते त्याच्यासाठी मागे राहिलेल्या जागा कमी असतात. आपल्या समाजात दोन्ही प्रकारची घरे आहेत. ईडी न करणाऱ्या पालकांना ‘मुलीच्या संधीपेक्षा पैसा मोठा वाटला’ असे मंडळाच्या कार्यक्रमांत ऐकावे लागते. ते थांबले पाहिजे असे मला मनापासून वाटते.

सह्यकडा

जुनी_वही यांचे शेवटचे वाक्य मलाही लागू होते. उंबरठा यांचे लेखन वाचल्यावर माझे म्हणणे अधिक नेमके करतो: ज्यांना खर्चाचा आकडा आधी कळू शकतो त्यांच्यासाठी ईडी चांगली आहे. रारिटनकाठ ताईंच्या स्थितीत मी कॉर्नेलला ईडी सुचवणार नाही. नियमित फेरीत तेथे जरूर अर्ज करावा. मदत मागण्याचा परिणाम तेव्हाही राहील, पण निदान आलेले पत्र इतर पत्रांशी ताडून पाहता येईल.

रारिटनकाठ (धागाकर्ती)

सर्वांचे मनापासून आभार. हा धागा आम्ही तिघांनी एकत्र वाचला. यजमानांनी कॉर्नेलच्या मदत कार्यालयाला दूरध्वनी केला. एच-४ वरील अर्जदार परदेशी गटातच मोजला जाईल असे त्यांनी स्पष्ट सांगितले, त्यामुळे ईडीचा विषय आमच्यापुरता संपला आहे.

मुलीने येलची सिंगल चॉइस निवडली आहे. तिचे म्हणणे असे की भाषाशास्त्र आणि संगणकशास्त्र एकत्र शिकण्याची सोय तिला तेथे अधिक भावली, आणि एमआयटीचा लवकरचा अर्ज सोडावा लागला तरी नियमित फेरीत तो करता येतोच. सोबत मेरीलँड, इलिनॉय, पर्ड्यू आणि रटगर्स येथे अर्ली अ‍ॅक्शन करणार आहोत. नवी_पालवीचा सल्ला मानून जॉर्जिया टेक वगळले, आणि पिट्सबर्गचा अर्ज या आठवड्यात जाईल. दुसऱ्या फेरीची ईडी करायची नाही हेही आताच ठरवले आहे.

एकच शंका उरते. येलसाठी सीएसएस प्रोफाइल भरताना भारतातील वडिलोपार्जित जमिनीतील माझ्या यजमानांचा हिस्सा दाखवावा का? तो सातबाऱ्यावर तिघा भावांच्या नावे आहे, वाटणी झालेली नाही आणि तिच्यापासून उत्पन्न काहीच येत नाही.

उंबरठा

दाखवावा. मालमत्ता दडवली असे नंतर दिसले तर मदतच काय, प्रवेशही धोक्यात येतो. हिश्श्याचा वाजवी अंदाज डॉलरमध्ये लिहा, आणि विशेष परिस्थिती मांडण्याच्या जागेत जमीन सामायिक आहे, वाटणी झालेली नाही, ती एकट्याने विकता येत नाही आणि उत्पन्न नाही, हे साध्या चार वाक्यांत लिहा. सातबाऱ्याचा उतारा आणि त्याचा इंग्रजी अनुवाद तयार ठेवा, मागितला तर देता येईल. मदतीच्या कागदपत्रांची मुदत प्रवेश अर्जाच्या मुदतीहून वेगळी असते, ती येलच्या पानावरून आजच टिपून घ्या.